आठशे कॅलरींच्या आहारात तेल किती, पाणी किती?

प्रश्न कोथरूडच्या एका भगिनींचा आहे. वय ४८, उंची १५८ सेंटिमीटर, सुरुवातीचे वजन ९४ किलो, सहा वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब, आहार शाकाहारी. डॉक्टरांनी बारा आठवड्यांसाठी दिवसाला ८०० कॅलरींचा आहार सांगितला असून त्यातले पाच आठवडे झाले आहेत आणि वजन साधारण ८ किलोंनी उतरले आहे. त्यांनी फोडणीचे तेल पूर्ण बंद केले, दूध-दही साय काढलेले ठेवले, भाज्या पाण्यावर शिजवल्या, मीठही निम्म्यावर आणले आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून रोज पाच लिटर पाणी सुरू केले. आता सकाळी उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, दुपारी डोके दुखते, शौचाला तीन-तीन दिवस होत नाही आणि त्वचा कोरडी पडली आहे. पुढे केसही गळतील, असे मैत्रिणी सांगतात. त्या विचारतात : अंगावर एवढी चरबी साठलेली असताना बाहेरून तेल खाण्याची गरजच काय, आणि पाणी जास्त पिण्याने कोणाचे नुकसान कसे होईल?

पुण्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या रुग्णांबरोबर काम करते, आणि हे दोन्ही प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत नेहमी विचारले जातात. थोडक्यात उत्तर असे की, आपल्या आहारात दिवसभराचे मिळून सुमारे २० ग्रॅम स्निग्धांश असावेत आणि त्यांपैकी किमान १० ग्रॅम एकाच जेवणात यावेत; पाणी दोन ते अडीच लिटर पुरेसे आहे, मात्र त्याच्या जोडीला मीठ हवे; आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) तपासून घ्यावे. पुढचे विवेचन या तीन गोष्टींच्या कारणांचे आहे. आठशे किंवा त्याहून कमी कॅलरींचा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि खाण्याच्या विकारांचा पूर्वेतिहास असलेले, यांच्यासाठी तो नाही, म्हणून त्यांनी हे उत्तर स्वतःला लागू करू नये.

अंगावरच्या चरबीविषयीचा आपला युक्तिवाद निम्मा बरोबर आहे. शरीराला स्वतः तयार करता न येणारी दोन मेदाम्ले म्हणजे लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल. ती अन्नातूनच यावी लागतात, हे अमेरिकेत बर पती-पत्नींनी १९२९ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. परंतु आयुष्यभर शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेले खाल्लेल्या माणसाच्या चरबीत लिनोलेइक आम्लाचा बराच साठा असतो आणि वजन उतरत असताना त्यातला काही भाग रोज रक्तात येत असतो. त्यामुळे ज्याच्या अंगावर तीस-चाळीस किलो चरबी आहे, त्याला बारा आठवड्यांत अत्यावश्यक मेदाम्लांची उघड कमतरता होण्याची शक्यता कमी असते. केवळ ऊर्जेचा विचार केला तर बाहेरच्या तेलाची गरज नाही, हेही खरे आहे. तेल हवे आहे ते मुख्यतः पित्ताशयासाठी.

यकृतात तयार होणारे पित्त जेवणांच्या मधल्या वेळात पित्ताशयात साठते आणि घट्ट होत जाते. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्यात उतरले की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सुटते, पित्ताशय आकुंचन पावते आणि साठलेले पित्त आतड्यात रिकामे होते. प्रथिनांमुळेही थोडे आकुंचन होते, पण मोठी चालना स्निग्धांशांचीच असते. आता आपल्या परिस्थितीत काय होते ते पाहावे. एकीकडे शरीरातील चरबी वेगाने वापरली जात असल्यामुळे तिच्यातील कोलेस्टेरॉल मोकळे होऊन पित्तात उतरते आणि पित्त त्याने संपृक्त होते. दुसरीकडे जेवणात तेलाचा थेंब नसल्यामुळे पित्ताशय दिवसचे दिवस नीट रिकामेच होत नाही. साचलेल्या, संपृक्त पित्तात कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात आणि स्फटिकांचे पुढे खडे होतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन उतरू लागले की हा धोका ठळकपणे वाढतो, आणि आपला वेग तेवढाच आहे. त्यात स्त्री, चाळिशी ओलांडलेली आणि वजन जास्त, या तिन्ही गोष्टी पित्ताशयातील खड्यांच्या दृष्टीने मुळातच जोखमीच्या मानल्या जातात.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात लठ्ठ रुग्णांच्या दोन गटांना जवळजवळ सारख्याच, अत्यल्प कॅलरींचा आहार तीन महिने दिला गेला. एका आहारात दिवसाला सुमारे ३ ग्रॅम स्निग्धांश होते, दुसऱ्यात सुमारे १२ ग्रॅम. पहिल्या गटातील अभ्यास पूर्ण केलेल्या ११ जणांपैकी ६ जणांच्या पित्ताशयात खडे झाले, तर दुसऱ्या गटातील ११ पैकी एकाच्याही झाले नाहीत. अभ्यास लहान आहे, त्यावरून टक्केवारी ठरवू नये. परंतु पित्ताशयाच्या कार्याविषयी जे ठाऊक आहे त्याच्याशी तो पूर्ण जुळतो. एका वेळच्या जेवणात सुमारे १० ग्रॅम स्निग्धांश असले तर पित्ताशय जवळजवळ पूर्ण रिकामे होते, असेही मोजून पाहिले गेले आहे. म्हणून मी रुग्णांना एक गोष्ट आग्रहाने सांगते : दिवसाचे दोन चमचे तेल पाच खाण्यांत थोडे थोडे शिंपडू नका. प्रत्येक वेळी दोन ग्रॅम पोटात गेल्याने दिवसाचा हिशेब कागदावर जमतो, पण पित्ताशयाला ती चालना पुरत नाही. दुपारच्या जेवणात ते सगळे एकत्र यावे.

जोखीम जास्त असेल तेव्हा काही डॉक्टर वजन उतरण्याच्या काळापुरते उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे पित्ताशयातील खडे टाळणारे औषध देतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्याला ते हवे की नको हा निर्णय त्यांचा आहे, मात्र विषय आपण काढावा. आहार सुरू करण्यापूर्वी पोटाची सोनोग्राफी झाली नसेल तर तीही विचारावी. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर उठणारी, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ आपल्याकडे हमखास ‘ॲसिडिटी’च्या खात्यात जाते आणि जिरे, आवळा, अँटासिडचे पातळ औषध यांवर आठवडे निघून जातात. वजन वेगाने उतरत असताना अशी कळ आली तर ती पित्ताशयाची नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

शाकाहारी माणसाचा आहार आठशे कॅलरींवर आणला की तो नकळत तेलविरहित का होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. स्नायू टिकवण्यासाठी दिवसाला सुमारे ७० ग्रॅम प्रथिने लागतात. ती तूरडाळीतून मिळवायची ठरवली तर तीनशे ग्रॅमहून जास्त कोरडी डाळ लागेल आणि तिच्याच हजारावर कॅलरी होतील, म्हणजे दिवसाचा कोटा वरणातच संपून वर जाईल. त्यामुळे आपण साय काढलेले दही, सोयाबीनच्या वड्या आणि व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतील प्रथिनांची पावडर) यांच्याकडे वळतो. निवड योग्यच आहे, पण या तिन्ही पदार्थांतील स्निग्धांश जवळजवळ काढून टाकलेले असतात. त्यावर फोडणीही बंद केली तर दिवसभराचे मिळून पाच ग्रॅम होणेही कठीण. तयार पावडरींच्या डब्यावर स्निग्धांशाचा आकडा वाचावा. संपूर्ण आहाराची जागा घेण्यासाठी बनवलेल्या पावडरीत तो भाग घातलेला असतो. व्यायामशाळेत मिळणाऱ्या, पाण्यात कालवून प्यायच्या व्हे आयसोलेटमध्ये तो नसतो, आणि लोक या दोहोंत सर्रास गल्लत करतात.

मग कोणते तेल? ‘कोडेक्स’ या अंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार अशा अत्यल्प कॅलरींच्या आहारात दिवसाला किमान ३ ग्रॅम लिनोलेइक आणि ०.५ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असावे. युरोपीय महासंघाने २०१७ मध्ये हे आकडे ११ आणि १.४ ग्रॅमपर्यंत वाढवले होते, पुढे त्यांत पुन्हा बदल झाला. शरीरातील साठ्याचा विचार करता बारा आठवड्यांसाठी पहिला आकडा हा तळ मानावा आणि जमेल तितके त्याच्या वर राहावे, असे माझे मत आहे. आपल्या स्वयंपाकघरात ते अवघड नाही. पारंपरिक करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल असते, त्यामुळे मोजणीचा एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल, ४० कॅलरींत ३ ग्रॅम देऊन जाते. हल्ली करडई आणि सूर्यफूल दोन्हींची, लिनोलेइकऐवजी ओलेइक हे दुसरे मेदाम्ल जास्त असलेली तेले बाजारात आहेत. ती वाईट नाहीत, पण या विशिष्ट कामासाठी कमी उपयोगाची आहेत, म्हणून बाटलीवरचा तक्ता पाहावा. दुसऱ्या आम्लासाठी जवसाला तोड नाही. भाजून कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण ७ ग्रॅम पुडीत, दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते आणि कॅलरी चाळिशीच्या आतच राहतात. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते, तेव्हा चटणीच करावी आणि तीही आठवड्यापुरतीच, कारण कुटलेले जवस लवकर खवट होते. विदर्भातील घरांत ही चटणी रोजची असते; पुण्यातही ती सहज मिळते, फक्त विकतच्या चटणीत शेंगदाणे आणि तेल किती आहे ते पाहून घ्यावे.

तेव्हा दुपारच्या भाजीला करडईच्या तेलाच्या दोन मोजक्या छोट्या चमच्यांची फोडणी आणि सोबत एक मोठा चमचा जवसाची चटणी, एवढ्याने एका जेवणात सुमारे १२ ग्रॅम स्निग्धांश होतात आणि त्यांची किंमत १२० कॅलरींच्या आत राहते. उरलेले सात-आठ ग्रॅम दिवसभरातील पनीरचा छोटा तुकडा, डाळ आणि दही यांतून आपोआप येतात. तूप घ्यायचे असेल तर एका चमच्याच्या जागी एक चमचा तूप चालेल. पित्ताशयाला ते तितकेच उपयोगी आहे, पण त्यात लिनोलेइक आम्ल नगण्य असते, म्हणून दोन्ही चमचे तुपाचे करू नयेत. खोबरेल तेलाचेही तसेच. मोजण्यासाठी मात्र पळी वापरू नये. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे कॅलरींच्या घरात तेल जाते. एकीकडे हे आणि दुसरीकडे शून्य, या दोन टोकांच्या मध्ये राहण्यासाठी पाच मिलिलिटरचा मोजणीचा चमचा तेलाच्या भांड्यातच ठेवावा.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशांबरोबर शोषली जातात, म्हणून डॉक्टरांनी दिलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणि आठवड्याची ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल दुपारच्या याच जेवणाबरोबर घ्यावी. सकाळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर तिचा पूर्ण फायदा मिळत नाही.

आता पाण्याकडे वळते. एरवी आपल्या गरजेच्या पाण्यापैकी पाचवा ते चौथा हिस्सा अन्नातून येतो. शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि बहुतेक भाज्यांत नव्वद टक्के पाणी असते. ताटातले अन्न निम्म्यावर आले की हे पाणीही निम्म्यावर येते आणि ती तूट पिऊन भरावी लागते. त्यातच पहिल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडते. यकृत आणि स्नायू यांतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या राखीव रूपाचा, साठा रिकामा होतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर बांधलेले सुमारे ३ ग्रॅम पाणी मोकळे होते. शिवाय रक्तातील इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात आणि सोडियममागून पाणी जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारे दोन-तीन किलो बहुतांशी हेच असतात. चरबी जळताना शरीरात पाणी तयार होते आणि तेवढे पुरते, असे काही ठिकाणी सांगितले जाते. शंभर ग्रॅम चरबी जळली की सुमारे १०७ मिलिलिटर पाणी तयार होते हे खरे आहे, पण आपली रोजची जळणारी चरबी धरली तर ते अर्ध्या पेल्याहून थोडे अधिक भरेल. त्याच्यावर विसंबण्याचे कारण नाही.

या सगळ्याचा हिशेब धरून, घरात किंवा वातानुकूलित कार्यालयात दिवस घालवणाऱ्या आपल्या वजनाच्या स्त्रीला दोन ते अडीच लिटर द्रव पुरतो. त्यात पाणी, ताक, बिनसाखरेचा चहा, मुगाचे कढण, वरणाचे पाणी, सगळे धरावे. चहाने शरीर कोरडे पडते या समजुतीत फारसे तथ्य नाही. दिवसाचे दोन-तीन कप द्रवाच्या हिशेबात मोजायला हरकत नाही. अमृततुल्यचा चहा मात्र त्यातील साखर आणि दाट दूध यांमुळे आपल्या कोट्यात बसत नाही. उसाचा रस आणि नीरा यांचेही तेच. पुरेसे पाणी पोटात जाते आहे याची खूण म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा होणारी फिकट पिवळी लघवी. फक्त मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतल्यानंतर काही तास लघवी त्यातील ब२ जीवनसत्त्वामुळे भडक पिवळी होते आणि ते पाहून लोक घाबरून आणखी पाणी पितात. तेव्हा गोळीच्या आधीचा रंग पाहावा.

पाच लिटर का नको, हा या प्रश्नाचा कळीचा भाग आहे आणि त्यावर मी जरा विस्ताराने लिहिते, कारण पाणी निरुपद्रवी आहे ही समजूत फार पक्की आहे. मूत्रपिंड निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. लघवी कितीही पातळ केली तरी तिच्या प्रत्येक लिटरबरोबर काही किमान प्रमाणात क्षार आणि युरिया जावेच लागतात. क्षार मिठातून येतात आणि युरिया प्रथिनांतून. नेहमीच्या पूर्ण जेवणात हे दोन्ही भरपूर असल्यामुळे निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला दहा लिटरहूनही जास्त पाणी निभावून नेऊ शकतात. पण जेवण थोडे आणि तेही अळणी असेल तर बाहेर टाकण्यासाठी क्षार आणि युरियाच कमी पडतात, ही मर्यादा निम्म्याहून खाली येते आणि वरचे पाणी शरीरातच राहून रक्तातील सोडियम पातळ करू लागते. त्याचे निरोगी प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते घसरू लागले की पहिली लक्षणे असतात डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, आणि नंतर गोंधळलेपणा, फार खाली गेले तर झटके. डोके दुखते म्हणजे पाणी कमी पडले, असे समजून माणूस आणखी एक तांब्या पितो, आणि धोका नेमका तेथेच वाढतो.

आपल्या बाबतीत तिसरी गोष्ट औषधाची आहे. आपण रक्तदाबाच्या गोळीचे नाव कळवलेले नाही, परंतु आपल्याकडे टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी औषधे एकाच गोळीत दिलेली असणे फार नेहमीचे आहे. हा औषधगट सोडियम खाली आणण्यासाठी ओळखला जातो. पाच लिटर पाणी, निम्मे मीठ आणि अशी गोळी, हे तिन्ही एकत्र आले तर सोडियम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. अंधारी येण्याचे दुसरे कारण याहून साधे असू शकते : ८ किलो उतरल्यानंतर पूर्वीची मात्रा आता आपल्याला जास्त होत असेल. म्हणून घरी बसून आणि मग उभे राहून दोन मिनिटांनी रक्तदाब मोजावा, सलग तीन-चार दिवस लिहून ठेवावा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. गोळी स्वतःहून बंद करू नये आणि अर्धीही करू नये.

मधुमेहाच्या गोळ्यांचेही असेच आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात; अत्यल्प कॅलरींच्या आहारात त्यांच्यामुळे शरीर कोरडे पडू शकते आणि रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (चरबी जळताना तयार होणारी कीटोन ही आम्लधर्मी द्रव्ये रक्तात धोकादायक प्रमाणात साचणे) होऊ शकतो. टाइप २ मधुमेहावर अशा आहाराचा परिणाम तपासणाऱ्या, ‘डायरेक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश चाचणीत रोज ८२५ ते ८५३ कॅलरी दिल्या होत्या आणि वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आल्यापासून आपल्याकडे पुष्कळ जणांनी तो आकडा उचलला. त्या चाचणीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या, ही गोष्ट मात्र आकड्याबरोबर फारशी सांगितली जात नाही.

मिठाविषयी आपला गैरसमज होणे स्वाभाविक आहे, कारण रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला मीठ कमी करा असेच सांगितलेले असते. दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा योग्यच आहे. पण जेवण निम्म्यावर आले, लोणचे, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ बंद झाले, म्हणजे मीठ आधीच खूप उतरले. त्यात उरलेल्या भाजीतही निम्मे घातले तर दिवसाला दोन ग्रॅमही जात नाही. मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जास्त सोडियम टाकत असताना हे परवडत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले नसेल, तर त्यांच्या संमतीने भाजी-आमटीत नेहमीसारखे मीठ घालावे आणि दिवसातून दोनदा पातळ ताक घ्यावे : अर्धी वाटी साय काढलेले दही, मोठा पेलाभर पाणी, मोजणीचा पाव छोटा चमचा मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. असे दोन पेले मिळून अडीच-तीन ग्रॅम मीठ देतात. सकाळची अंधारी आणि पोटऱ्यांत येणारे गोळे, दोन्हींवर बहुतेकांना एवढा साधा उपाय दोन-तीन दिवसांत गुण देतो. सैंधव घेतले तरी ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे पथ्य किंवा फायदा यांत फरक पडत नाही. ‘लो सोडियम’ मीठ मात्र टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि ती गोळी पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. रोज शहाळे पिण्याबाबतही याच कारणासाठी आधी विचारून घ्यावे.

बद्धकोष्ठ पाणी वाढवून सुटले नाही, कारण ते पाण्याअभावी झालेलेच नव्हते. आतड्यात चोथा नाही आणि स्निग्धांश नाहीत, मग केवळ पाणी मूत्राशयात जाते. दुपारच्या जेवणात तेल आणि जवस आले की बराच फरक पडेल. त्याखेरीज रात्री एक चमचा इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात घ्यावे. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश चाचणीतही रुग्णांना इसबगोलच दिले होते. ते कमी पाण्यात घेतले तर उलट अडकते, आणि इतर गोळ्यांपासून निदान दोन तास दूर ठेवावे. शौचाला रोज व्हायलाच हवे असे नाही. खाणेच कमी असल्यामुळे एक दिवसाआड होणे या काळात स्वाभाविक आहे.

त्वचा आणि केस यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. पाच आठवड्यांत आलेला कोरडेपणा तेलाअभावी असण्यापेक्षा हवेचा आणि साबणाचा असण्याची शक्यता अधिक आहे. केस मात्र वजन वेगाने उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी बऱ्याच जणांचे गळतात. तो उपाशीपणाला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो, डोक्याला किंवा पोटाला जास्त तेल दिल्याने तो थांबत नाही, आणि प्रथिने व लोह पुरेसे असेल तर काही महिन्यांत केस पुन्हा येतात. लोहासाठी रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचे प्रमाण दाखवणारे प्रथिन, तपासावे.

पुण्याच्या हवेसाठी थोडी भर घालावी लागते. चैत्र-वैशाखात दुपारची हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, आणि माणसाला आपल्याला घाम आला असे वाटतही नाही. अशा दिवसांत तळजाईला किंवा पर्वतीला चढून येणाऱ्यांनी, भर उन्हात तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवर फिरणाऱ्यांनी अर्धा-पाऊण लिटर द्रव जास्त घ्यावा आणि तो ताकाच्याच रूपात घ्यावा. पावसाळ्यात आणि थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी दिवसात वाटून, दीड-दोन तासांनी एक पेला, असे घ्यावे. सकाळी उठल्याबरोबर एका दमात लिटरभर पिण्याच्या प्रथेचा काही उपयोग नाही. या बारा आठवड्यांत निर्जळी उपवास करू नये. एकादशी-चतुर्थी पाळायची असेल तर ठरलेलेच दही, ताक आणि पावडर त्या दिवशी घ्यावी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या न्यायाने साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर एका बशीतच दिवसाचा निम्मा कोटा संपतो.

पूर्वी कधी गाउटचा (युरिक आम्ल साचून सांधे सुजण्याचा) किंवा मूतखड्याचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण शरीर चरबीवर चालू लागले की तयार होणारे कीटोन युरिक आम्लाला लघवीवाटे बाहेर पडू देत नाहीत आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याचे प्रमाण वाढते. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणे, उलट्यांमुळे दिवसभर पाणीही न ठरणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ, ताप किंवा कावीळ यांसह पोटात कळ, यांपैकी काही झाले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केवळ कोलॅजेनपासून बनवलेल्या द्रव प्रथिनांवर राहिलेल्या कित्येक जणांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला होता. आजच्या आहारांत चांगल्या दर्जाची प्रथिने आणि क्षार असतात ते त्यानंतरच. म्हणून धडधडीकडे दुर्लक्ष करू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

बारा आठवडे संपल्यावर तेल एकदम पूर्वीवर आणू नये. पहिल्या पंधरवड्यात दुपारच्या जेवणात आहे तेवढेच ठेवून रात्रीच्या जेवणात एक छोटा चमचा वाढवावा, आणि महिन्या-दीड महिन्यात दिवसाला २० ग्रॅम वरचे तेल-तूप यावर स्थिर व्हावे. पित्ताशयात नकळत धरलेला खडा कित्येकदा याच टप्प्यावर, लग्नाच्या किंवा दिवाळीच्या पहिल्या तेलकट जेवणानंतर, आपले अस्तित्व दाखवतो. आपले बारा आठवडे सणासुदीत संपत असतील तर हे आधीच ध्यानात ठेवावे. पोळी-भात पुन्हा सुरू होताच काटा चार-पाच दिवसांत एक ते दोन किलो वर जाईल. ते ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबर परतलेले पाणी असते, चरबी नव्हे. तेवढ्यावरून पुन्हा तेल बंद करण्याची आवश्यकता नाही.